छतावर राहिलेली माणसं

आमच्या मामाजींना लाज म्हणून नव्हतीच. त्यांच्या वाट्याची सगळी मलाच वाटायची.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आम्हा वर्ध्याकडच्या लोकांत सासऱ्याला मामाजीच म्हणतात. लग्न ठरलं तेव्हा आईनं मला बजावलं होतं, की सासरा रेल्वेतला रिटायर गार्ड आहे, विधुर आहे, शिस्तीचा माणूस असेल, जरा जपून राहा. मी जबलपूरला त्यांच्या दारात उभी राहिले, उंबऱ्यावर तांदळाचं माप, डोक्यावर पदर, मागे वऱ्हाड, आणि शिस्तीचा माणूस आत टीव्हीसमोर सतरंजीवर मांडी घालून बसलेला. सामान घेऊन ते आमच्या आधी घरी पोचले होते, तेवढ्यात त्यांनी गेम लावला होता. हातात रिमोट आणि ओरडणं चाललेलं, "ओ बहनजी! घबराओ मत! आ रहा हूँ!"

माझी नणंद किंचाळली, "बाबा, बहू दरवाजे पे खड़ी है!"

"एक मिनिट," मामाजी मान न वळवता म्हणाले. "तिच्या पायाखाली जमीन आहे ना? हिच्या नाही."

अगं माय! माझ्या मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आल्या पावली परत जावं. त्या दिवशी मी माप नेमकं कोणत्या पायानं ओलांडलं ते मला अजून आठवत नाही, पण टीव्हीवरची ती बाई आठवते. लाल झगा घातलेली, उंच बिल्डिंगच्या छतावर उभी, दोन्ही हात हलवत होती.

हा गेम काय होता ते सांगते. तेव्हा टीव्हीवर दुपारी एक कार्टून लागायचं, हिंदीत. त्यात एक उडणारा वीर, निळे घट्ट कपडे, पाठीवर पिवळं फडकं. त्याचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं. मामाजी त्याला झूलवाला म्हणत. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ती झूल. त्याच कार्टूनवरून हा गेम काढलेला. आमचे हे ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात मॅनेजर, त्यांना दुकानाच्या दिवाळी सोडतीत ते यंत्र लागलं, सोबत ही एकच सीडी. यांनी दोन दिवस खेळून सोडून दिलं. मामाजी नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी उचललं ते उचललंच.

गेम साधा होता. एक शहर, त्यात एक राक्षस, कधी लोखंडाचा, कधी चिखलाचा. झूलवाल्यानं दिलेल्या वेळात त्याला झोडपायचं, की स्टेज पार. पण शहर भरलेलं दिसावं म्हणून बनवणाऱ्यानं छताछतांवर माणसंही उभी केली होती, जीव मुठीत धरून हात हलवणारी. जवळ गेलं तर झूलवाला एकेकाला उचलून खाली ठेवू शकायचा. त्याचे गुण मिळायचे चिमूटभर. कोणी शहाणा माणूस तिकडे फिरकायचा नाही.

मामाजी फक्त तेच करायचे.

राक्षस मागे बिल्डिंगी पाडून राहिला आहे, घड्याळ पळून राहिलं आहे, आणि आमचे मामाजी एका म्हाताऱ्याला छतावरून खाली आणतायत, "संभल के बाबूजी, पायदान देख के." वेळ संपायची. पडदा काळा व्हायचा. पुन्हा पहिल्यापासून. इतक्या वर्षांत त्यांनी दुसऱ्या स्टेजच्या पुढचं शहर पाहिलं नाही.

छतावरच्या लोकांशी ते हिंदीत बोलायचे आणि राक्षसाला शिव्या मराठीत द्यायचे. मी एकदा विचारलं, "मामाजी, असं काहून?"

"तिकडचे लोक मराठी थोडेच असतील?" ते म्हणाले. "त्यांना समजलं पाहिजे ना, मदत येऊन राहिली म्हणून."

"आणि राक्षस?"

"त्याला समजायची गरज नाही."

आमचे हे त्यांना शिकवून शिकवून थकले. "बाबा, आधी त्या राक्षसाला मारा ना. तो मेला की स्टेज संपते, सगळे आपोआप वाचतात."

"आपोआप कोणी वाचत नसतं," मामाजी म्हणाले. "आणि तुझं ते कार्टून पाहिलं मी. मारामारी झाली, अख्खी चाळ पडली, झूलवाला हसला, गाणं वाजलं. आत जे होते ते कुठं गेले? कोणी विचारलं?"

हे चप्पल घालून दुकानाकडे निघून गेले. मला त्या वेळी मात्र ह्यांची दया आली आणि मामाजींचा राग. साठी उलटलेला माणूस, आणि कार्टूनमधल्या चाळीचा पंचनामा करतो.

गार्डगिरी त्यांच्या अंगातून गेलीच नव्हती. "सवारी आधी, टाइम मागून" हे त्यांचं एक ठरलेलं वाक्य. नोकरीत यावरून त्यांनी पुष्कळ बोलणी खाल्ली असं हे सांगायचे. प्लॅटफॉर्मवर धावत येणारी एखादी लेकुरवाळी दिसली की मामाजींची हिरवी झेंडी काही वर व्हायची नाही. घरातही तेच. सगळे ताटावर बसल्याशिवाय पहिला घास नाही. मी शेवटची पोळी तव्यावरून काढून येईपर्यंत डाळ थंड होऊन जायची, आणि दोष माझ्या डाळीला.

एकदा आम्ही बसनं नागपूरला निघालो होतो. तिलवाऱ्याच्या पुलाअलीकडे बस चहाला थांबली. निघताना मामाजी मधल्या वाटेत उभे राहून डोकी मोजू लागले आणि एकदम ओरडले, "रोको! एक सवारी कम है! चेक की शर्ट वाला!" कंडक्टरनं शिटी मारली, बस थांबली, मामाजी उतरून चहाच्या टपरीमागे पाहून आले, झाडाखाली पाहून आले. बसमधले लोक काय काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी कंडक्टर हात जोडून म्हणाला, "चाचा, वो यहीं का था. उसका घर है यहाँ."

"अच्छा," मामाजी समाधानानं म्हणाले. "फिर चलो."

मी हातात हिरव्या चुड्याची नवी नवरी. खिडकीकडे तोंड करून असं बसले होते जसा हा माणूस माझा कोणीच नाही. ते शेजारी येऊन बसले आणि बसभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सूनबाई, घाबरू नको. पोचला तो घरी."

सोमवारी आम्ही नर्मदेवर ग्वारीघाटला जायचो. तिथले नाववाले त्यांना लांबून पाहूनच म्हणायचे, "आ गए गार्ड साहब, अब नाव छूटेगी नहीं." हसण्यावारी नेण्यासारखंच होतं सगळं. मला मात्र कधी हसू आलं नाही. लोक हसायचे आणि मी मनातल्या मनात जमीन शोधायची.

आता नणंदेचं सांगते. ताई माझ्यापेक्षा मोठी, शाळेत शिकवायची, जिभेला धार, मराठी बोलता बोलता अर्ध्यात हिंदीवर जाणारी. तिशी जवळ आली तरी लग्न जमत नव्हतं. कारण तिच्यात नव्हतं. आमच्या बैठकीची खिडकी गल्लीवर उघडायची, आणि मामाजींचा आवाज म्हणजे गार्डाचा आवाज, दोन प्लॅटफॉर्म पलीकडे जाणारा. समोरच्या भाभीजी दारात तांदूळ निवडत बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "अंकल फिर किसी को छत से उतार रहे हैं." एका स्थळानं चौकशी केली आणि स्थळं जमवणाऱ्या मधल्या बाईकडून निरोप पाठवला, मुलगी चांगली आहे, पण वडिलांचं डोकं जरा सरकलेलं दिसतं, आणि असलं घराण्यात उतरतं. दुसऱ्यानं निरोपही पाठवला नाही.

ताईनं ते मामाजींना कधी कळू दिलं नाही. रागावून बोलायची, पण हे बोलली नाही. तो निरोप आला त्या दिवशी तिनं माझ्यासमोर पोळपाटावर बेलन आपटलं फक्त.

मग महाराजपूरचं स्थळ आलं. मूळचे आपल्याच अमरावतीकडचे, वडील वीज खात्यातून रिटायर, मुलगा शिक्षक. ताईची आणि त्याची एका ट्रेनिंगमध्ये ओळख झालेली, आणि तिच्या मनात तो भरलेला. मला स्वयंपाकघरात कोपऱ्यात ओढून म्हणाली, "वहिनी, ये वाला मैं हाथ से नहीं जाने दूँगी. काहीही करीन."

ज्या दिवशी ते बघायला येणार होते, त्या सकाळी ती मामाजींसमोर जाऊन बसली. मी तिथेच पडद्यांच्या कड्या लावत होते.

"बाबा, आज गेम नाही."

"बरं."

"आणि कोणी विचारलं, दिवसभर काय करता, तर सांगायचं, वाचन करतो, पूजा करतो."

मामाजी गोंधळले. "पण मी तर नाही करत."

"माहीत आहे मला."

"मग काहून सांगू?"

तेव्हा ताईनं सांगितलं. आधीची दोन्ही स्थळं कशामुळे गेली ते, भाभीजी काय बोलतात ते, "सरकलेलं" हा शब्दसुद्धा. एका दमात सांगितलं आणि रडायला लागली. मी आयुष्यात पहिल्यांदा मामाजींना लाजताना पाहिलं. त्यांचे कान लाल झाले, मान खाली गेली, आणि शाळेत छडी खाऊन बसलेल्या पोरासारखे ते हातांकडे बघत राहिले. इतके दिवस माझी इच्छा होती की या माणसाला एकदा तरी लाज वाटावी. वाटली, आणि मला ते पाहवेना.

"मला सांगायचं ना आधी," ते म्हणाले. "मला वाटलं, घरातल्या घरात आहे."

आमच्या यांनी यंत्र काढून, वायर गुंडाळून, माझ्या जुन्या साडीत बांधून गव्हाच्या कोठीत ठेवलं. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल आला, रुमालावर फुलदाणी. मामाजींना इस्त्रीचा सदरा घातला आणि खुर्चीत बसवलं.

महाराजपूरचे लोक आले. मुलाचे वडील बारीक अंगाचे, कमी बोलणारे. बाकीचे पोह्यांकडे बघत होते, ते मामाजींकडे. ताईला प्रश्न विचारून झाले आणि मग ते हळूच मामाजींना म्हणाले, "रिटायरमेंटनंतर दिवस कसा काय जातो हो तुमचा?"

माझ्या हातात पाण्याचा ट्रे होता. तो घेऊन मी दारातच थांबले.

"वाचन," मामाजी म्हणाले. "पूजा."

"अजून? काही विरंगुळा?"

"नाही."

"टीव्ही वगैरे?"

मामाजींनी टीव्हीवरच्या फुलदाणीकडे पाहिलं. "नाही हो. त्यातलं मला काही समजत नाही."

"अच्छा," ते म्हणाले आणि पोह्यांत चमचा फिरवू लागले. आम्हाला वाटलं, हेही स्थळ गेलं. यांनी घाईघाईनं विषय ट्रॅक्टरवर नेला. पण दोन दिवसांनी होकार आला, आणि मधल्या बाईनं आवर्जून सांगितलं, मुलीचे वडील फार शांत, सज्जन वाटले म्हणे. ताई घरभर नाचली. तिनं मामाजींच्या गळ्यात हात टाकले आणि मामाजीही हसले.

लग्न झालं. ताई महाराजपूरला गेली. दुसऱ्या दिवशी मीच कोठीतलं गाठोडं काढून मामाजींसमोर ठेवलं. "घ्या मामाजी. आता कोणी यायचं नाही विचारायला."

त्यांनी गाठोड्याला हात लावला नाही. "व्याह्यांसमोर बोललो ना सूनबाई. बोललो तर आता ते खरं ठेवावं लागेल."

मला वाटलं, चार दिवसांचं आहे. पण नाही. मामाजी वाचन करू लागले. वाचनाची सवय नव्हती, म्हणून पेपर पहिल्या ओळीपासून, टेंडरच्या नोटिसा, हरवले-सापडले, सगळं मोठ्यानं. मग पूजा. पूजेचा गंध नाही, देवांना न्हाऊ घालताना बाळकृष्ण दोनदा नालीत जाता जाता वाचला. ठरल्या वेळी घंटा वाजायची, ठरल्या वेळी पेपर उघडायचा, आणि उरलेला दिवस ते खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसायचे, जसे त्या दिवशी बसले होते. बैठकीत आवाज नाही. भाभीजींनी एकदा मला विचारलं, "अंकल की तबीयत ठीक है ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

एक दिवस भाजी घेऊन आले तर ते गाठोडं जागेवर नव्हतं. मामाजी मागच्या गल्लीतल्या टेलरच्या मुलींना देऊन आले होते. "पोरी खेळतील," म्हणाले. माझी साडी तेवढी घडी करून परत आणली होती.

दिवाळसणाला ताई आणि जावई आले. सोबत व्याही. जावयासोबत व्याही येण्याचा काही रिवाज नाही, म्हणून आम्ही थोडे चपापलोच. ते कापडी पिशवी मांडीवर घेऊन बैठकीत बसले. मी फराळाच्या ताटल्या मांडल्या. ताई जरीची साडी नेसून वडिलांच्या खुर्चीला टेकून उभी. व्याह्यांनी चकलीचा एक तुकडा मोडला, खाल्ला नाही, आणि मामाजींकडे वाकून म्हणाले, "व्याही, आता घरचेच झालो. एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"तुमचा तो गेम कुठं आहे हो?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं.

"बघायला यायच्या आधी मी चौकशीला आलो होतो," ते सांगू लागले. बोलताना त्यांचा चेहरा फुलला होता, त्या दिवसापेक्षा कितीतरी वेगळा माणूस दिसत होता. "चौकशी काय, समोरच्या बाईंच्या फाटकाशी उभा राहिलो. खिडकी उघडी होती. तुम्ही एकेका माणसाला खाली आणून राहिले होते. मला वाटलं आता राक्षसाकडे जातील, मग जातील. तुम्ही गेलेच नाही. टाइम संपला, आणि छतावर जे राहिले होते त्यांना तुम्ही हात जोडून म्हणाले, माफ करना भाई. मी तिथं उभ्या उभ्या..." ते थांबले. "घरी जाऊन मुलाला म्हटलं, पोरगी याच घरातली आणायची. बैठकीत तुम्हाला मुद्दाम विचारलं, वाटलं सांगाल. मग म्हटलं, पहिल्या भेटीत संकोच वाटला असेल. मीही रिकामाच असतो हो दिवसभर. मला शिकवाल का?"

ताईचा हात मामाजींच्या खुर्चीच्या पाठीवर होता. तो पांढरा पडलेला मला दिसला. तिचा नवरा तिच्याकडे कौतुकानं बघत होता, म्हणजे तिनं त्याला काहीच सांगितलं नव्हतं. कोणी एक शब्द खरा बोललं असतं, तर पोहे, फुलदाणी, इस्त्रीचा सदरा, पोरीनं बापाला पढवलेलं, सगळं तिथं ताटलीत येऊन पडलं असतं. मला लाज वाटली. या वेळी मामाजींची नाही, आमची.

मामाजींनी वर, ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग व्याह्यांकडे वळले.

"तुम्हाला दुसरं कोणी दिसलं असेल," ते म्हणाले. "हा माझा मुलगा असेल. पाठमोरे आम्ही दोघं सारखेच दिसतो. मला त्यातलं काही समजत नाही."

व्याह्यांनी चकलीचा तुकडा ताटलीत परत ठेवला. "अच्छा," ते म्हणाले. "मग माझीच गफलत झाली असेल."

मी ताटल्या उचलायला वाकले. पिशवी त्यांच्या मांडीवरून घसरून पायाशी आली होती, तोंड उघडं होतं. आत एक नवाकोरा रिमोट, वायर दोऱ्यानं बांधलेली, आणि त्याच्याखाली सीडी, तिच्यावर पिवळी झूल. त्यांनी पायानं पिशवी हळूच खुर्चीखाली सारली. ताईनंही पाहिलं. ती आत गेली ती बाहेर आलीच नाही, आणि मी मागे गेले तर स्वयंपाकघरात नळ सोडून त्याच्या आवाजात रडत होती.

बाहेर मामाजी व्याह्यांना सकाळच्या पेपरातली कसलीतरी नोटीस वाचून दाखवत होते आणि व्याही मान हलवून ऐकत होते. निघताना त्यांनी मामाजींना वाकून नमस्कार केला. पिशवी ते आठवणीनं सोबत घेऊन गेले.